भिंतीवरची फळी

दौंड हे भीमा नदीच्या काठचे मोठे रेल्वे जंक्शन होय. तेथील फलाटावर थांबलेल्या आगगाडीच्या शयनडब्यात पाहिले, तर मधला बाक साखळ्यांनी टांगलेला दिसतो. त्याची मागची कड डब्याच्या भिंतीला जोडलेली असते आणि पुढची कड साखळ्यांनी वरून धरलेली असते. म्हणून त्यावर मोठा माणूसही निर्धास्त झोपतो. घरातील भिंतीवरच्या फळीची पुढची कड मात्र मोकळीच असते. मग डबे आणि पुस्तके यांचा भार अंगावर घेऊन ती कशी टिकते?

आपल्याकडील जुन्या घरांत हा प्रश्न फारसा येत नसे. त्या घरांच्या दगडामातीच्या भिंती चांगल्या हात-दीड हात जाड असत. भिंतीतच कोनाडे व फडताळे ठेवीत. त्यांतील सामानाचा भार सरळ खालच्या भिंतीवर पडे. आता घरे विटांची झाली. आतील भिंत कित्येकदा चार-साडेचार इंचच जाड असते. तीत फडताळ कोरता येत नाही. फळी भिंतीच्या बाहेर काढावी लागते.

अशा फळीखाली लोखंडी कोन बसवतात. त्याला ब्रॅकेट म्हणतात. त्याची आडवी भुजा फळीला आधार देते व उभी भुजा भिंतीला टेकते. फळीवर भार ठेवला की कोन पुढे झुकू पाहतो. त्याचे खालचे टोक भिंतीवर दाबले जाते आणि वरचा स्क्रू भिंतीतून बाहेर ओढला जातो. फळी पडते ती बहुधा हा वरचा स्क्रू उपटल्यामुळे.

ही ओढ किती असते, याचा हिशोब सोपा आहे. फळी ३० सेंटिमीटर रुंद आहे आणि तिच्यावर एकंदर ४० किलो भार सारखा पसरला आहे, असे समजा. हा सारा भार भिंतीपासून १५ सेंटिमीटरवर आहे असे धरता येते. वरचा स्क्रू कोनाच्या खालच्या टोकापासून ३० सेंटिमीटर उंच असेल, तर ४० ला १५ ने गुणून ३० ने भागावे. उत्तर २० येते. म्हणजे वरच्या सर्व स्क्रूंवर मिळून २० किलोची ओढ पडते. ते अंतर १० सेंटिमीटरच असेल, तर हीच ओढ ६० किलो होते! म्हणून उभी भुजा लांब असलेला कोन निवडावा आणि जड वस्तू भिंतीलगत ठेवाव्यात.

स्क्रू नुसता विटेत धरत नाही. त्यासाठी भिंतीत भोक पाडून त्यात गिट्टी बसवतात. पूर्वी सुतार लाकडाची गिट्टी ठोकीत. सुमारे १९११ साली इंग्लंडमध्ये जॉन रॉलिंग्ज या बांधकाम करणाऱ्या गृहस्थाने तागाच्या धाग्यांची गिट्टी तयार केली. पुढे १९५८ साली जर्मनीत आर्टुर फिशर यांनी नायलॉनची गिट्टी शोधून काढली. सर्वांचे तत्त्व एकच. स्क्रू आत शिरला की गिट्टी फुगते, भोकाच्या कडांवर घट्ट दाबली जाते आणि त्या घर्षणाने स्क्रू जागच्या जागी राहतो.

काम करताना घाई करू नये. प्रथम भिंत बोटाने वाजवून पाहावी. आवाज पोकळ आला, तर तेथील गिलावा सुटलेला आहे असे समजावे. गिलावा जेमतेम बोटभर जाड असतो. भोक त्याच्या पलीकडे विटेत खोल गेले पाहिजे. विजेच्या बटणांच्या वर-खाली व नळांच्या आसपास भोक मुळीच पाडू नये. आत तारा किंवा नळ्या असतात. भोक पाडण्याचे काम मोठ्या माणसांनीच करावे. मुलांनी मापे घ्यावीत, खुणा कराव्यात आणि पाणसळ धरून फळी समपातळीत आहे की नाही ते पाहावे. भोकातील भुगा काढून टाकावा, नाहीतर गिट्टी सैल राहते. मातीच्या भिंतीत गिट्टी धरत नाही. तेथे जमिनीवर उभी राहणारी मांडणीच बरी.

फळी बसली म्हणजे काम संपले असे नाही. तिच्यावर थोडा थोडा भार वाढवीत जावे आणि कोन व भिंत यांच्यात फट पडते का, ते पाहावे. फट दिसताच फळी रिकामी करावी. त्या फळीखाली कोणी अभ्यासाला बसते, कधी लहान भावंडही खेळत असते. फळी लावणाऱ्याच्या भरवशावरच ती निर्धास्त असतात.