वीतभर तंतूंचा वीस वाव दोर

काथ्याचा हातभर सुंभ घ्या आणि त्याचा पीळ उलगडत जा. आधी दोन पदर सुटतात, मग एकेका पदरातून तांबूस तंतू मोकळे होतात. त्यातला एक ओढून बाजूला ठेवा. जेमतेम वीतभर भरेल. नारळाच्या सोडणातून आलेला तंतू सोडणाहून लांब असणार तरी कसा! मग अशा वीतभर तंतूंचा वीस वाव दोर होतो कसा? आत गाठ नाही, डिंक नाही. आहे तो फक्त पीळ. दोर ताणला की पिळामुळे तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि दाबले गेले की घर्षणाने एकमेकांना धरतात. जितका जोर लावाल तितकी त्यांची मिठी घट्ट. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही असं आपण हट्टी माणसाला म्हणतो. ज्याच्या तोंडून ही म्हण पहिल्यांदा निघाली, त्याला दोराचा प्राण कशात असतो हे नक्की ठाऊक होतं.

दोराच्या आधाराने झाडावर चढण्याची सगळी विद्या या एका गोष्टीवर उभी आहे. भार पडला की पकड वाढली पाहिजे आणि भार काढला की ती सुटली पाहिजे.

आंब्याची अवजड फांदी उतरवताना दोराचे वेढे बुंध्याला घालतात, हे तुम्ही पाहिलं असेल. खाली एकच माणूस दोर धरून उभा असतो आणि दोनशे किलोंचं लाकूड सावकाश खाली येतं. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने याचा हिशेब मांडला. घर्षणाचा गुणांक पाव धरला, तर एका वेढ्याने हातावरचा भार जवळपास पाचपट हलका होतो, दोन वेढ्यांनी 23 पट आणि तीन वेढ्यांनी 111 पट. म्हणजे ती दोनशे किलोंची फांदी तीन वेढ्यांनंतर दोन किलोंहून कमी जोराने पेलते. मला यातलं सगळ्यात थक्क करणारं वाटतं ते हे, की बुंधा बारीक की जाड याने या हिशेबात फरक पडत नाही. मोजायचे ते फक्त वेढे.

हेच वेढे झाडाऐवजी दुसऱ्या दोरावर घातले तर? कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने 1931 साली अशी गाठ लोकांपुढे ठेवली. बारीक दोरीचे वेढे जाड दोरावर घ्यायचे. गाठ हाताने सरकवली की निमूट वर जाते, तिला लोंबकळलं की जागच्या जागी आवळते. आजही झाडांवर काम करणारे याच कुळातल्या गाठी वापरतात. यांत्रिक साधनांनी पुढे तीच गाठ धातूत घडवली. पेट्झल या फ्रेंच कंपनीच्या झिगझॅग नावाच्या साधनात कड्यांची छोटी साखळी असते. भार आला की कड्या तिरक्या होऊन दोराला नागमोडी वळण देतात आणि धरतात. वरची कळ दाबली की साखळी सैल पडते आणि माणूस खाली सरकू लागतो. साधन हातात घेऊन बघितलं तर ती गाठ डोळ्यांना दिसते.

घर्षण म्हटलं की उष्णता आली. भरभर खाली उतरणाऱ्याच्या वजनाची बहुतेक ऊर्जा गाठीच्या चार बोटांच्या जागेत उष्णता होऊन साठते. पॉलिस्टर सुमारे 260 अंश सेल्सिअसला वितळतं. पोलादाशी तुलना होते ते अतिबळकट पॉलिइथिलीन मात्र 145 अंशांच्या आसपासच हार खातं. म्हणून घसरणाऱ्या गाठीच्या दोरीला अ‍ॅरामिड तंतूंचं आवरण देतात, कारण ते वितळतच नाही. नुसती ताकद बघून दोर घेणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं.

ताकदही हवीच. झाडावर चढायच्या दोराने किमान 5,400 पौंड, म्हणजे साधारण 2,450 किलोंचा भार सोसला पाहिजे, असं अमेरिकी मानक सांगतं. सत्तर किलोंच्या माणसासाठी एवढं कशाला, असं वाटेल. पण गाठ मारली की दोराची पाव हिश्शापासून निम्म्यापर्यंत ताकद जाते. भिजलेलं नायलॉन आणखी थोडं कमजोर होतं, खरखरीत साल रोज थोडं थोडं खाते, आणि एखादा हिसका वजनाच्या कितीतरी पट ओढ देतो. दुसरी अट ताणाची. त्या भाराच्या दहाव्या हिश्शाला दोर सात टक्क्यांहून जास्त ताणला जाऊ नये. कडा चढणाऱ्याला लवचिक दोर लागतो, कारण पडलाच तर त्याला झेलायचं असतं. झाडावरचा माणूस दिवसभर दोरावरच बसलेला असतो. त्याचा दोर रबरासारखा ताणला, तर वर चढण्याची निम्मी मेहनत वाया जाईल. आणि जाडी साधनावर कोरलेली असते तीच घ्यावी. मिलिमीटरभर बारीक दोर साधनाच्या पकडीतून निसटू शकतो.

या दोरांनी माणसाला एक नवा प्रदेश दाखवला. नलिनी नाडकर्णी या भारतीय वंशाच्या अमेरिकी शास्त्रज्ञ. गिर्यारोहकांच्या तंत्राने त्या जंगलाच्या छतापर्यंत पोचल्या, आणि उंच फांद्यांवर साचलेल्या शेवाळी मातीत झाडं स्वतःचीच मुळं सोडतात हे त्यांनी 1981 साली ‘सायन्स’मध्ये मांडलं. जमिनीवर उभं राहून हे कुणाला दिसलं असतं? 2015 साली दोराने त्यांची साथ सोडली आणि त्या सुमारे पन्नास फुटांवरून खाली आल्या. बऱ्या झाल्यावर त्या पुन्हा झाडांकडे वळल्या.

आपल्याकडे नारळ पाडणारा पाडेली माडावर पायांत दोराचा फास अडकवून चढतो, तोही घर्षणाच्याच भरवशावर. केरळच्या कण्णूर जिल्ह्यातले शेतकरी एम. जे. जोसेफ यांनी हीच युक्ती लोखंडात आणली. दोन पायांना दोन चौकटी आणि प्रत्येकीला माडाभोवती जाणारा तारेचा दोर. पाऊल दाबलं की तार बुंध्याला आवळते, उचललं की सैल पडते. 2011 साली नारळ विकास मंडळाने केरळात तरुणांना यंत्राने माडावर चढायला शिकवण्याची मोहीम सुरू केली. प्रुसिकची गाठ आणि जोसेफ यांचं यंत्र यांची कल्पना एकच आहे, हे मला फार सुंदर वाटतं.

मात्र दोर मरतो तो गुपचूप. म्हणून त्याला बोटांनी वाचावं लागतं. चढण्याआधी संपूर्ण दोर चिमटीतून ओढत न्या. कुठे चपटा, कुठे फुगीर, कुठे काचेसारखा कडक लागतो का ते बघा. कडक चकाकता डाग म्हणजे तिथे तो वितळला होता. मग दोराची छोटी वळी करून ती पुढे सरकवत न्या. आतला गाभा शाबूत असेल तर वळी गोल राहते, तुटला असेल तिथे ती मोडते. दोर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा, ऊन त्याला पोखरतं. गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी तर मुळीच टाकू नका, तिचं आम्ल नायलॉन खातं आणि बाहेरून काही दिसत नाही. कॅराबिनरचं, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचं, दार आपोआप मिटून कुलूपबंद होतं ना, ते दर वेळी तपासा. चीक आणि धूळ बसली की ते अर्धवट उघडं राहतं. दोराने कडीवर मिलिमीटरभर खोल खाच पाडली असेल तर ती बाजूला काढा.

माडावरच्या यंत्राला खारा वारा आणि पाऊस दोन्ही झेलावे लागतात. तुमच्या बागेत असं यंत्र असेल, तर पाडेली चढण्याआधी तार त्याच्यासोबत स्वतः बघा. तुटलेला एक धागा, गंजाचा एक पट्टा किंवा झिजलेलं रबर दिसलं, तर त्या दिवशी नारळांचा पाडा राहू द्या. आणि बाद झालेला दोर कपडे वाळत घालायला म्हणून अखंड ठेवू नका. उद्या कुणीतरी तोच घेऊन झाडावर चढेल. त्याचे हातहातभर तुकडे करा.