गर्दी नसतानाही सर्व्हर ठप्प होतो तेव्हा...

कन्नड - दहावीचा निकाल १६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता जाहीर झाला आणि निकालाची संकेतस्थळे पाहता पाहता बंद पडली. कन्नडपासून मुंबईपर्यंत विद्यार्थी कित्येक तास ताटकळले. तो गर्दीचा भार होता. अशीच गर्दी कृत्रिमरीत्या निर्माण करून सेवा बंद पाडणे म्हणजे 'डिनायल ऑफ सर्व्हिस' हल्ला. जुलै २०१६ मध्ये मुंबईतील इंटरनेट सेवापुरवठादारांना त्याचा फटका बसला होता.

परंतु सर्व्हर पाडण्यासाठी दरवेळी गर्दी लागतेच असे नाही. तहसील कार्यालयात चारच खिडक्या आहेत आणि चौघे जण मिनिटाला एक अक्षर या गतीने अर्ज भरत उभे आहेत, अशी कल्पना करा. नियम कोणीही मोडलेला नाही. तरी मागची रांग जागची हलत नाही. २००९ मध्ये उघड झालेली 'स्लोलोरिस' ही युक्ती नेमकी हीच. एकच साधा संगणक अर्धवट विनंत्या पाठवून 'अपाची' सर्व्हरच्या सर्व जोडण्या अडवून ठेवू शकत असे. 'एनजिनेक्स'ची रचना वेगळी, एकच प्रक्रिया हजारो जोडण्या सांभाळणारी. त्यामुळे त्याच्यावर या युक्तीचा फारसा परिणाम होत नाही.

यावर उपाय मुदतीचा. अपाचीच्या सध्याच्या २.४ आवृत्तीत विनंतीचा मथळा येण्यास मुळात २० सेकंद मिळतात. माहिती ठरावीक वेगाने येत राहिली, तर कमाल ४०. त्यानंतर जोडणी तोडली जाते.

दुसरा उपाय, एका आयपी पत्त्यावरून येणाऱ्या जोडण्यांवर मर्यादा घालण्याचा. येथे मात्र तारतम्य हवे. मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यावरून इंटरनेट पुरवितात. मर्यादा फार कडक ठेवली, तर निकालाच्या दिवशी तालुक्यातील खरे विद्यार्थीच हल्लेखोर ठरून बाहेर राहतील! त्यापेक्षा निकालाची पाने आधीच तयार करून ती अनेक ठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणे श्रेयस्कर. मग प्रत्येक वेळी मूळ माहितीसाठ्याला हात लावावा लागत नाही.

काही छिद्रे मात्र मांडणी बदलून बुजत नाहीत, त्यासाठी सुधारित आवृत्तीच बसवावी लागते. ऑगस्ट २०११ मध्ये अपाचीत असाच दोष सापडला. एकाच फाइलचे असंख्य तुकडे एकदम मागितले, की सर्व्हरची स्मृती संपत असे. त्याच महिनाअखेरीस २.२.२० ही आवृत्ती आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'रॅपिड रिसेट' उघडकीस आला. विनंती करायची आणि लगेच ती रद्द करायची, एवढाच तो खेळ. गुगलने अशा एका हल्ल्यात सेकंदाला ३९ कोटी ८० लाख विनंत्या नोंदविल्या.

सुधारणा आली तरी ती बसविणारा कोणी असावा लागतो. संकेतस्थळ उभारण्याचे कंत्राट देताना पुढील देखभाल कोणाकडे, हे नगर परिषदांनी आणि महाविद्यालयांनी करारातच लिहून घेतले पाहिजे.