बिनतारी सेन्सर : घरी, ओसरीत आणि रेशीम शेडमध्ये



हल्ली शहरातील घरांत माणूस खोलीत शिरला की दिवा आपोआप लागतो, उकाडा वाढला की पंखा सुरू होतो. ही करामत काडेपेटीएवढ्या बिनतारी सेन्सरची आहे. मळ्यातल्या वस्तीवर याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग आहे, आणि सर्वांत जास्त रेशीम शेडमध्ये आहे. आपल्याकडे उसाबरोबर तुती लावणारे शेतकरी आहेत. २०१८ साली जालन्यात रेशीम कोष बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी कोष कर्नाटकात रामनगरला न्यावे लागत. विक्रीची सोय झाली, पण उन्हाळ्यात बॅच सांभाळण्याची काळजी तशीच आहे. एका दुपारच्या हयगयीने अळ्या रोगट होतात आणि महिन्याची मेहनत उकिरड्यावर जाते.

सेन्सर काय करतो ?

कारखान्यात पॅनवर तापमापक व दाबमापक असतात. पॅनमन ते पाहून वाफ कमी-जास्त करतो. काटा साखर तयार करीत नाही, तो फक्त सांगतो. सेन्सरचेही तसेच आहे. तो हवेचे तापमान व आर्द्रता मोजतो आणि आकडा बिनतारी लहरींनी घरातल्या पेटीकडे किंवा मोबाईलकडे पाठवितो. पेटीला नियम घालून दिला असेल तर ती पंखा किंवा फॉगर चालू-बंद करते. नियम मात्र आपणच ठरवायचा असतो.

आर्द्रता समजून घ्या

हवा तापली की तिची पाणी धरण्याची ताकद वाढते, म्हणून आर्द्रतेचा आकडा खाली येतो. सकाळी शेडमध्ये २४ अंश तापमान व ७० टक्के आर्द्रता आहे असे धरा. दुपारी तीच हवा ३४ अंशांपर्यंत तापली तर आर्द्रता सुमारे ४० टक्केच उरते. हवेतले पाणी थेंबभरही कमी झालेले नसते ! तुतीचा पाला तासा-दोन तासांत सुकतो आणि अळ्या त्याला तोंड लावीत नाहीत. म्हणून दोन्ही आकडे एकत्र पाहावे लागतात.

साधारण मर्यादा अशा आहेत :

पहिली व दुसरी अवस्था : २७ ते २८ अंश, ८५ ते ९० टक्के.
तिसरी अवस्था : २६ अंश, ८० टक्के.
चौथी अवस्था : २५ अंश, ७० ते ७५ टक्के.
पाचवी अवस्था : २४ अंश, ६५ ते ७० टक्के.
चंद्रिकेवर कोष करताना : २४ ते २५ अंश, ६० ते ६५ टक्के, आणि हवा खेळती.

म्हणजे अळी मोठी होईल तसा नियम बदलावा लागतो. लहान अळ्यांसाठी लावलेला नियम पाचव्या अवस्थेत तसाच राहिला, तर फॉगर ओल वाढवीत राहील आणि रोगाला आमंत्रण मिळेल. अळ्या कात टाकीत असताना बिछाना कोरडा ठेवायचा असतो. कात बसली हे सेन्सरला कळत नाही. ते शेतकऱ्याच्या डोळ्यालाच कळते. त्या वेळी फॉगर हाताने बंद करावा. पावसाळ्यात हवा आधीच ओली असते, तेव्हा फॉगरचे काम नाही, फक्त पंखा चालवावा.

कोठे लावावा ?

पत्र्याखाली टांगलेला सेन्सर पत्र्याचे तापमान सांगतो, अळ्यांचे नव्हे. तो रॅकच्या मधल्या कप्प्याच्या उंचीवर, दार व फॉगरच्या तुषारापासून दूर लावावा. वरच्या व खालच्या कप्प्यांत फरक पडतो, म्हणून जमल्यास दोन लावावेत. जाड भिंती व लोखंडी पत्रे लहरी अडवितात. घर आणि शेड यांत अंतर जास्त असल्यास विकत घेण्यापूर्वी निरोप पोचतो की नाही याची खात्री करावी.

घरच्या मिठाने तपासणी

एका बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यावर थोडे पाणी घाला. मीठ चिखलासारखे ओले झाले पाहिजे, पूर्ण विरघळता कामा नये. हे झाकण व सेन्सर घट्ट डब्यात शेजारी ठेवा. मीठ सेन्सरला लागू देऊ नका. डबा रात्रभर सावलीत राहू द्या. सकाळी आकडा ७५ टक्क्यांच्या जवळपास आला पाहिजे. दहा-पंधराचा फरक दिसला तर त्या सेन्सरच्या भरवशावर बॅच सोडू नका. धूळ व चुना बसून हे यंत्र बिघडते, म्हणून प्रत्येक बॅचपूर्वी ही परीक्षा घ्यावी.

हालचाल ओळखणारा सेन्सर

हा ओसरीतल्या दिव्यासाठी चांगला. रात्री गोठ्याकडे निघाले की दिवा लागतो, बटण चाचपडावे लागत नाही. माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता आणि मागची भिंत यांतला फरक तो ओळखतो. साप थंड रक्ताचा, तो याला सहसा दिसत नाही. तेव्हा बॅटरी आणि पायताण सोडू नये. मे महिन्यात तापलेली भिंत व अंगाची कातडी जवळपास सारख्याच तापमानाची होतात, मग हा सेन्सर चुकतो. म्हणून उन्हाळ्यात मोटार-केबलच्या राखणीला एकट्या यावर विसंबू नये. समोरून सरळ येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा माणूस त्याला लवकर कळतो; हे ध्यानात ठेवून, सात-आठ फुटांवर, वाट आडवी जाईल असा लावावा.

वीज गेली तर ?

सेन्सर सेलवर चालतो, फॉगर चालत नाही. काही यंत्रांचा नियम कंपनीच्या दूरच्या संगणकावर असतो. मोबाईलची रेंज गेली की ती गप्प बसतात. नियम घरातल्याच पेटीत राहतो असे यंत्र घ्यावे, आणि शेडला ओली गोणपाटे लावण्याची तयारी ठेवावीच.

सुरुवात एका तापमान-आर्द्रता सेन्सरपासून करा. पहिली बॅच फक्त आकडे वहीत टिपा, सोबत ओला-कोरडा तापमापक ठेवा. दोहोंचा मेळ बसला की मगच फॉगर त्याच्या हाती द्या. कात, पाला आणि अळ्यांची भूक मात्र रोज शेडमध्ये जाऊन स्वतःच पाहावी.