विश्लेषण : ताऱ्याचा भडका अतिनील दुर्बिणीला उशिरा का दिसतो?

हंस तारकासमूहातील ‘एसएस सिग्नी’ हा तारा साधारण दर सात आठवड्यांनी भडकतो. एरवी तो बाराव्या प्रतीचा अंधुक ठिपका असतो. भडकला की एक-दोन दिवसांत आठव्या प्रतीपर्यंत, म्हणजे सुमारे ४० पट उजळतो. अतिनील किरणांत मात्र हा भडका उशिरा दिसतो. या उशिरावरूनच भडका कुठे सुरू झाला, हे शास्त्रज्ञांना कळते.

तारा भडकतो कशामुळे?

ही प्रत्यक्षात ताऱ्यांची जोडी आहे. त्यातील श्वेतबटू म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा गाभा. त्याचे वस्तुमान सूर्याच्या आसपास, पण आकार पृथ्वीएवढा. दोघे सुमारे साडेसहा तासांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात. श्वेतबटू शेजाऱ्याकडून वायू ओढतो. तो वायू तबकडीसारखा भोवती फिरत साचत जातो. मर्यादा ओलांडली की तबकडी तापते, वायू वेगाने आत घसरतो आणि तारा उजळतो. अशा ताऱ्याला ‘बटू नवतारा’ म्हणतात. ‘नवतारा’ वेगळा, त्यात श्वेतबटूवर साचलेल्या हायड्रोजनचा अणुस्फोट होतो.

अतिनील किरणांतून काय कळते?

तबकडीची बाहेरची कड तुलनेने थंड असते, ती दृश्य प्रकाश देते. श्वेतबटूला टेकलेला भाग सर्वाधिक तापतो आणि अतिनील किरणे सोडतो. १९९६ मध्ये हौशी निरीक्षकांच्या सूचनेनंतर ‘नासा’चा ‘ईयूव्हीई’ उपग्रह एसएस सिग्नीकडे वळवला गेला. दृश्य प्रकाश वाढू लागल्यानंतर सुमारे दीड दिवसाने अतिनील किरणे वाढली. म्हणजे भडका बाहेर सुरू होऊन आत सरकला होता.

भारताचा वाटा काय?

वातावरण बहुतांश अतिनील किरणे अडवते, त्यामुळे दुर्बीण अंतराळातच हवी. ‘इस्रो’ने २८ सप्टेंबर २०१५ रोजी ‘ॲस्ट्रोसॅट’ सोडला. त्यावरील ‘यूव्हीआयटी’ या अतिनील दुर्बिणीच्या उभारणीत बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेसोबत पुण्याची ‘आयुका’ आणि मुंबईची ‘टीआयएफआर’ सहभागी होत्या. या दुर्बिणीच्या नोंदींतून देवयानी दीर्घिकेतील ४२ नवताऱ्यांचे अतिनील उत्सर्जन सापडले. त्यांपैकी चार तर ऐन स्फोटात टिपले गेले. दुर्बिणीची निकट-अतिनील वाहिनी मात्र २०१८ पासून बंद आहे.

आपण काय करू शकतो?

अंतराळ दुर्बिणी मोजक्या आहेत आणि त्या एकाच ताऱ्याकडे सतत बघत बसू शकत नाहीत. भडक्याची पहिली खबर जमिनीवरून जावी लागते. छत्रपती संभाजीनगरच्या आकाशात हंस तारकासमूह ऑगस्ट ते नोव्हेंबरदरम्यान संध्याकाळी छान दिसतो. शहराच्या उजेडापासून दूर, म्हैसमाळसारख्या ठिकाणी गेलात, तर भडकलेला एसएस सिग्नी साध्या द्विनेत्रीतून सापडतो. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून त्याची प्रत ठरवायची आणि वेळेसह ‘एएव्हीएसओ’ या जागतिक संस्थेकडे नोंदवायची. तो पहिला दीड दिवस हातचा जाऊ नये, यासाठी अशी एक नोंदही मोलाची ठरते.