सुझॅना वेस्ली यांच्या घरची शाळा

मुलांना धर्म शिकवायचा तो आधी घरात, ही समजूत ख्रिस्ती परंपरेत जुनी आहे. बायबलातील अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांशी देवाच्या आज्ञांविषयी बोलावे, असे सांगितले आहे. हे रोजच्या व्यवहारात कसे उतरवावे, याचा तपशीलवार नमुना एका आईच्या पत्रात सापडतो. इंग्लंडातील लिंकनशायरमधल्या एपवर्थ गावच्या पाळकांच्या पत्नी सुझॅना वेस्ली यांनी 24 जुलै 1732 रोजी ते आपला मुलगा जॉन याला, त्याच्याच आग्रहावरून लिहिले. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक तो हाच जॉन.

सुझॅना यांना एकोणीस मुले झाली. त्यांतली नऊ तान्हेपणीच गेली. घरात कर्जाची ओढाताण कायमची. त्यापायी पती सॅम्युएल यांना 1705 साली तुरुंगातही जावे लागले. अशा घरात शिस्त मूल पाळण्यात असल्यापासूनच सुरू होई. मुलाचा हट्ट लवकर मोडला पाहिजे, असे सुझॅना यांचे ठाम मत होते. वर्षाचे झाले की, काहींना त्याआधीही, मुलाला छडीचा धाक आणि हळू आवाजात रडण्याची सवय लागे. पत्राचा हा भाग आज वाचवत नाही.

पण त्याच पत्रात पुढे घरचे कायदे येतात, आणि ते वेगळेच आहेत. चूक आपणहून कबूल केली तर मार नाही. एकाच चुकीची शिक्षा दोनदा नाही, आणि नंतर तिची आठवण काढून टोमणाही नाही. टाचणीएवढी वस्तू असली तरी ती ज्याची त्याचीच. एकदा दिलेली भेट परत मागायची नाही. नोकराकडे काही मागायचे तेही विनंती करूनच. आठ वाजता मुले अंथरुणावर जात आणि त्यांना जागेपणीच सोडून येत; झोप लागेपर्यंत कोणी उशाशी बसत नसे. लहान मुलाने एकटे राहायला शिकण्याचा हा पहिला धडा म्हणता येईल.

पाचवा वाढदिवस झाला की शिक्षणाला आरंभ होई. नऊ ते बारा आणि दोन ते पाच या वेळात शिकवण्याच्या खोलीत कोणी फिरकायचे नाही. एका दिवसात मुळाक्षरे यावीत अशी अपेक्षा असे. मॉली आणि नॅन्सी या मुलींना दीड दिवस लागला. लगेच बायबलातील उत्पत्ती या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचायला घेत. मुलगी नीट वाचू लागेपर्यंत तिच्या हाती शिवणकाम द्यायचे नाही, हाही नियम होता. बायकांना धड वाचता येत नाही याचे कारण त्यांना आधी सुई देतात, असे सुझॅना यांचे म्हणणे होते.

एका प्रथेचे मूळ मात्र थेट भारतात आहे. तमिळ किनाऱ्यावरील त्रांकेबार, म्हणजे आजचे तरंगमबाडी, येथे काम करणाऱ्या डॅनिश मिशनऱ्यांचा वृत्तांत मुलगी एमिली हिला वडिलांच्या खोलीत मिळाला. तो ऐकून सुझॅना भारावल्या. मिशनरी होणे आपल्या हाती नाही, पण पोटच्या मुलांसाठी अधिक काही करता येईल, असे त्यांना वाटले. रोज रात्री एकेका मुलाशी एकांतात बोलायचे त्यांनी ठरवले: सोमवार मॉलीचा, मंगळवार हेटीचा, गुरुवार जॉनचा, शनिवार चार्ल्सचा. ऑक्सफर्डमध्ये अध्यापक झाल्यावरही जॉनला त्या गुरुवारची ओढ होती. तसे त्याने आईला कळवले होते.

घरात मुलगा-मुलगी असा भेद शिक्षणात नव्हता; तो पुढे आला. जॉन आणि चार्ल्स ऑक्सफर्डला गेले. मंगळवारच्या हेटीला ग्रीक येत असे, ती कविता करी. तिने आपल्या मनाने जोडीदार निवडू पाहिला तेव्हा घर तिच्यावर उलटले, आणि 1725 साली वडिलांनी विल्यम राइट या नळकाम करणाऱ्या माणसाशी तिचे लग्न लावून दिले. तो संसार सुखाचा झाला नाही. भावांपैकी जॉनने तिची बाजू घेतली. वडील शेवटपर्यंत द्रवले नाहीत.