राजीखुशीचा कागद आणि लेकरांचा हक्क

नवराबायकोचे बिनसले म्हणजे आपल्याकडे अजूनही चार जाणती मंडळी ओसरीवर बसतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण पुष्कळदा त्या बैठकीचा शेवट स्टॅम्पपेपरवर होतो. ‘आम्ही राजीखुशीने वेगळे राहतो, एकमेकांकडे काही मागणार नाही,’ असे लिहून बाईचा अंगठा घेतात आणि ती लेकरे घेऊन माहेरची वाट धरते. श्रोतेहो, या कागदाने काय होते आणि काय होत नाही, ते आज पाहू.

पहिली गोष्ट, या कागदाने लग्न मोडत नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे घटस्फोटाला कोर्टाचा हुकूमनामा लागतो. सोडचिठ्ठीची जुनी रूढी जिथे शाबीत करता येते, तेवढाच अपवाद.

दुसरी गोष्ट, त्याने बाईचे नुकसान मात्र होऊ शकते. पोटगीचे कलम पूर्वी 125 होते. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झाले. दोघे परस्परांच्या संमतीने वेगळी राहत असतील तर बायकोला पोटगी नाही, असे हे कलम म्हणते. आता मार खाऊन घराबाहेर पडलेली बाई राजीखुशीने कशी गेली? पण कागदावर तसा शब्द आला, की खरे काय घडले ते शाबीत करण्याचे ओझे तिच्या डोक्यावर येते.

मुलांचे तसे नाही. पोटगी हा अज्ञान मुलाचा स्वतःचा हक्क आहे. आईने अंगठा दिला म्हणून तो बुडत नाही. आईबापांचे लग्न झालेले नसले तरीही तो आहेच. पूर्वी या कलमाखाली महिना 500 रुपयांची मर्यादा असे. 2001 साली ती काढून टाकली. आता बापाची ऐपत पाहून रक्कम ठरते.

अर्ज बाई जिथे राहते तिथल्या कोर्टात, म्हणजे माहेरच्या तालुक्यातही करता येतो. निकाल लागेपर्यंत अंतरिम पोटगी मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगितले, की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. म्हणून ‘बघू, येईल ताळ्यावर,’ म्हणत घालवलेला महिना हातचा जातो. हुकूम होऊनही पैसे आले नाहीत, तर थकल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज द्यावा.

आता जिवाच्या भीतीचे पाहू. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. घर नवऱ्याच्या अगर सासऱ्याच्या नावावर असले, तरी सुनेला कायद्याची वाट सोडून बाहेर काढता येत नाही. मारहाण करू नये, तिच्या जवळ येऊ नये, असा हुकूम न्यायाधीश देऊ शकतात. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलांचा तात्पुरता ताबा आईला मिळू शकतो. बापाची भेट मुलाला घातक वाटली तर तीही नाकारता येते. हा अर्ज लिहून द्यायला संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. 181 या क्रमांकावर फोन केला तरी वाट दाखवतात. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना आणि मुलांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे चौकशी करावी.

गुरुजी आणि बाई, गावात कागद लिहायला बहुधा तुम्हालाच बोलावतात. बैठकीत समेट होत असेल तर आनंदच आहे. पण ज्या घरात मार बसतो तिथे बाईला परत धाडणे हा समेट नव्हे. आणि ती निघालीच, तर ‘राजीखुशीने’ हा शब्द लिहू नका. कोणत्या तारखेला काय घडले, मुले किती, त्यांची वये काय, ते लिहा. अंगठा घेण्याआधी सगळे तिला मोठ्याने वाचून दाखवा, आणि त्याची एक प्रत तिच्या हाती द्या.