नळी बदलली म्हणजे सूर बदलतो काय?

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या एका विद्यार्थ्यानें वर्ग सुटल्यावर आम्हांस गांठून एक प्रश्न विचारला. त्याच्या घरीं आजोबांच्या वेळची रेडिओग्रामची एक लांकडी पेटी आहे. आजोबा वारले, परंतु आजीबाई अद्यापि रोज सायंकाळीं त्या पेटीवर जुन्या तबकड्या लावून ऐकत असतात. कांहीं महिन्यांपासून पेटीचा आवाज घोगरा झाला होता. कारागिरानें आंतील एक मोठी नळी बदलली. पंधरवडाभर आवाज चांगला राहिला आणि पुन्हां पहिल्यासारखाच फाटूं लागला. तेव्हां कारागीर म्हणाला, “ही नळी हलकी निघाली. परदेशी, जुन्या बनावटीची नळी घाला, म्हणजे सूर मधासारखा गोड होईल.” तिची किंमत कांहीं हजार रुपये होती, आणि ती रक्कम त्या कुटुंबास लहान नव्हती. “सर, नळी बदलल्यानें खरोखरच सूर बदलतो काय?” असा त्या मुलाचा प्रश्न होता.

प्रश्न दिसावयास साधा आहे; पण त्याचें उत्तर ‘होय’ किंवा ‘नाहीं’ अशा एका शब्दांत देतां येत नाहीं. शिवाय ह्या प्रश्नाच्या पोटांत दुसरा एक मोठा प्रश्न दडलेला आहे, तो असा कीं, आपल्या कानांवर आपण कितपत विश्वास ठेवावा? म्हणून ह्या वार्षिकाच्या वाचकांपुढें हा विषय थोड्या विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ही नळी म्हणजे काय वस्तु आहे तें पाहूं. दिसावयास ती लहानशा विजेच्या दिव्यासारखी असते. कांचेच्या कुपींतील हवा जवळजवळ सर्व काढून घेतलेली असते. म्हणून तिला निर्वात नळी म्हणावयाचें. अमेरिकेंत तिला ट्यूब म्हणतात आणि इंग्लंडांत व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, म्हणतात. हें दुसरें नांव फार समर्पक आहे. विजेच्या दिव्यांतील तापलेल्या तारेपासून निर्वात जागेंतून प्रवाह वाहतो, ही गोष्ट एडिसन ह्यांनीं १८८३ च्या सुमारास नमूद करून ठेविली. परंतु तिचें कारण त्या वेळीं कोणास ठाऊक नव्हतें. १८९७ सालीं जे. जे. टॉमसन ह्यांनीं इलेक्ट्रॉनाचा शोध लाविला, तेव्हां तें उमगलें. तापलेल्या धातूंतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि समोरच्या धनभारित पत्र्याकडे धांव घेतात. १९०४ सालीं फ्लेमिंग ह्यांनीं ह्या तत्त्वावर एकाच दिशेनें प्रवाह जाऊं देणारी नळी बनविली, आणि १९०६ सालीं अमेरिकेंतील ली डी फॉरेस्ट ह्यांनीं तापलेला भाग व पत्रा ह्यांच्या मध्यें बारीक तारेची एक जाळी बसविली. त्या जाळीनें जगाचा कायापालट केला असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

जाळीचें काम कसें चालतें तें आपल्या बीड जिल्ह्यांतील मुलांस समजाविणें सोपें आहे. शेतास पाणी देतांना दारें धरणारा मुलगा तुम्हीं पाहिला असेल, किंवा स्वतः तें काम केलें असेल. विहिरींतून पाणी उपसण्याचें कष्ट पूर्वीं मोटेचे बैल करीत. आतां वीजपंप करतो. दारें धरणारा मुलगा पाणी उपसत नाहीं; तो फक्त पाटाच्या तोंडाशीं फावड्यानें थोडी माती ओढतो किंवा लोटतो. पण तेवढ्या हालचालीवर पाण्याचा मोठा लोट कमीजास्त होतो. नळींतील जाळी म्हणजे हा दारें धरणारा मुलगा होय. तबकडीवरील सुईपासून आलेला अतिशय क्षीण विद्युत्स्पंद जाळीवर येतो, जाळी अधिकउणी ऋणभारित होते, आणि तिच्यामागून वाहणारा इलेक्ट्रॉनांचा मोठा लोट त्याच तालावर आखडतो व सुटतो. लहान स्पंदाची मोठी प्रतिमा उमटते. ह्यासच ध्वनिवर्धन म्हणतात.

घरगुती ध्वनिवर्धकांत अशा नळ्या बहुधा तीन प्रकारच्या असतात. लहान नळ्या सुईकडून आलेला क्षीण स्पंद वाढवितात. मोठी शक्तिनळी लाउडस्पीकर हलविण्याइतका जोर पुरविते. तिसरी नळी घरांतील उलटसुलट प्रवाह एकदिश करून इतरांस देते.

एक काळ असा होता कीं, आपल्या लोकांच्या कानीं पडणारा यंत्रांतील प्रत्येक स्वर अशा नळींतूनच येत असे. मुंबईस १९२७ सालीं नियमित नभोवाणी सुरू झाली. १ एप्रिल १९५५ ह्या दिवशीं, रामनवमीस, पुणें आकाशवाणीवरून गदिमांच्या गीतरामायणाचें पहिलें गीत सुधीर फडके ह्यांच्या स्वररचनेंत प्रसृत झालें, तें लोकांनीं नळ्यांच्याच रेडिओवर ऐकिलें. १९४७ सालीं अमेरिकेंत ट्रॅन्झिस्टरचा शोध लागला होता, परंतु तो आपल्या घरांत शिरण्यास अजून अवकाश होता. १९५४ सालीं स्थापन झालेल्या बंगळूर येथील भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यानें १९६१ सालीं रेडिओच्या नळ्या बनविण्यास आरंभ केला. पुढें ट्रॅन्झिस्टरनें नळीस मागें सारलें. आज नव्या नळ्या मुख्यत्वें रशिया, स्लोव्हाकिया व चीन ह्या देशांत होतात. जुन्या कारखान्यांच्या शिल्लक नळ्या शौकीन लोक मोठी किंमत देऊन घेतात.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. नळीवर एक नांव छापलेलें असतें. तें वाचतां आलें पाहिजे. युरोपांतील पद्धतीप्रमाणें ‘ईसीसी ८३’ ह्या नांवांतील ‘ई’ म्हणजे तापविणाऱ्या तारेस ६.३ व्होल्ट लागतात. दोन ‘सी’ म्हणजे एका कुपींत जाळीच्या दोन स्वतंत्र नळ्या आहेत. आणि ८ ह्या अंकावरून तिची बैठक नऊ पायांची आहे हें समजतें. ‘ईएल ३४’ मधील ‘एल’ शक्तिनळी दाखवितो, आणि ३ हा अंक आठ पायांची बैठक दाखवितो.

ईसीसी ८३, ईसीसी ८१ व ईसीसी ८२ ह्या तिन्ही नळ्यांचे पाय सारखे आहेत. म्हणून एकीच्या जागीं दुसरी बसते. परंतु पहिलीचा वर्धनांक १००, दुसरीचा ६० आणि तिसरीचा सुमारें १७ ते २० आहे. म्हणून ८३ च्या जागीं ८२ घातली तर आवाज पुष्कळ खालीं येईल. येथें फरक निःसंशय आहे. परंतु हा फरक गोडीचा नसून मुख्यत्वें जोराचा आहे. शिवाय प्रत्येक नळीस अनुकूल असा विद्युद्दाब मंडळांत ठरविलेला असतो. तो दुसरीस मानवेलच असें नाहीं. पाय बसले म्हणजे नळी बसली असें समजूं नये. ६ व्ही ६ ह्या शक्तिनळीची तार ०.४५ अँपिअर प्रवाह घेते व ईएल ३४ ची तार १.५ अँपिअर घेते. बैठक जुळते म्हणून पहिलीच्या जागीं दुसरी ठोकली, तर ट्रॅन्स्फॉर्मरवर तिपटीहून अधिक भार पडून तो जळण्याचा संभव असतो.

मग ‘गोडी’ म्हणतात ती कोणती? तंबोऱ्याची एक तार छेडली असतां तिच्यांतून एकच स्वर निघत नाहीं; दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूक्ष्म स्वरही निघतात. दुप्पट कंपनांचा स्वर म्हणजे वरच्या सप्तकांतील षड्ज, आणि तिप्पट कंपनांचा म्हणजे त्याच सप्तकांतील पंचम. नळी स्पंद वाढवितांना त्याची प्रतिमा हुबेहूब काढीत नाहीं. थोडे उपस्वर आपल्या पदरचे मिसळते. साध्या जाळीच्या नळींत ही भर बहुतांशीं दुप्पट कंपनांची, म्हणजे षड्जाचीच असते; म्हणून ती कानास खुपत नाहीं, उलट कधीं कधीं आवाज भरदार वाटतो. तेव्हां नळीची गोडी ही वस्तुतः एक लहानशी चूक आहे, पण सुरांत केलेली चूक आहे. निराळ्या जातीची नळी घातली, किंवा तीच नळी निराळ्या दाबावर चालविली, तर ह्या भेसळीचें प्रमाण बदलतें. इतपत कारागिराचें म्हणणें खरें आहे.

परंतु एकाच नांवाच्या, सुस्थितींतील व दोन निरनिराळ्या कारखान्यांच्या नळ्यांत फरक सामान्यतः अल्प असतो. एखादी अधिक खरखरते. एखादी टिचकी मारली असतां घंटेसारखी वाजते. नळी वापरून झिजते, हेंही लक्षांत ठेवावें. झिजलेली काढून नवी घातली कीं आवाज सुधारतो, आणि श्रेय मात्र कारखान्याच्या नांवास मिळतें. शिवाय आपले कान आपणांस फसवितात. थोडासा वाढलेला आवाज कानास ‘मोठा’ वाटत नाहीं. तो ‘अधिक चांगला’ वाटतो. आणि हजारो रुपये मोजलेल्या मनास तर तो चांगला वाटलाच पाहिजे!

ह्यावर उपाय एकच: परीक्षा. दोन्ही नळ्यांचा आवाज मोजून सारखा करावा. ऐकणाऱ्यास पेटी दिसूं नये अशी बसवावें. जाणत्या माणसानें नाणें उडवून त्याप्रमाणें एक नळी घालावी, आणि ऐकणाऱ्यानें ती कोणती तें सांगावें. असें दहा वेळां करावें. येथें गणिताचें काम लागतें. काहींही न कळतां नुसता अंदाज करणाऱ्याचे दहापैकीं सात किंवा अधिक अंदाज बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्यें १७६, म्हणजे जवळजवळ सहांत एक आहे. म्हणून सात उत्तरें बरोबर आलीं तरी हुरळून जाऊं नये. नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता मात्र १०२४ मध्यें ११ च आहे. तितकीं बरोबर आलीं तर त्या कानांस मान द्यावा.

आतां त्या विद्यार्थ्याच्या पेटीचें काय झालें तें सांगतों. आमच्या ओळखीच्या एका जाणत्या तंत्रज्ञानें ती उघडून पाहिली. त्यानें नळीस हात लावण्यापूर्वीं शक्तिनळीच्या जाळीवरील दाब मोजला. तेथें जवळजवळ शून्य असावयास पाहिजे होता. प्रत्यक्षांत दहा-बारा व्होल्टांचा धन दाब आढळला. मागच्या नळीकडून स्पंद तेवढा पुढें जाऊं द्यावा आणि स्थिर दाब अडवून धरावा, ह्यासाठीं मध्यें एक कागदी कंडेन्सर असतो. तो जुना होऊन झिरपूं लागला होता. म्हणजे बांध फुटला होता, आणि दारें धरणाऱ्या मुलास पाणी आवरेनासें झालें होतें! त्यामुळें शक्तिनळी प्रमाणाबाहेर प्रवाह घेऊन तापत होती व आवाज फाटत होता. कांहीं थोड्या रुपयांचा नवा कंडेन्सर घालतांच, आधीं ‘हलकी’ ठरलेली तीच नळी नीट गाऊं लागली, आणि आजतागायत गात आहे. परदेशी नळी घेतली असती तर तीही कांहीं दिवसांत तशीच तापून खराब झाली असती. कारागिरानें कोणास फसविलें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यानें लक्षणास रोग समजून औषध दिलें इतकेंच.

येथें पालकांस व विद्यार्थ्यांस एक कळकळीची सूचना केल्यावांचून राहवत नाहीं. नळ्यांच्या यंत्रांत २५० ते ४०० व्होल्टांपर्यंत दाब असतो, आणि यंत्र बंद करून खटका काढल्यावरही तो मोठ्या कंडेन्सरांत कांहीं काळ साठून राहतो. कांहीं जुन्या संचांत तर धातूचा सांगाडाच घरच्या वीजप्रवाहास जोडलेला असतो. अशा यंत्राचें मागील झांकण मुलांनीं केव्हांही उघडूं नये. बाहेरून मात्र पुष्कळ शिकतां येतें. नळीच्या आंतल्या बाजूस आरशासारखा चकचकीत डाग दिसतो. तो बहुधा बेरिअम धातूचा असून उरलीसुरली हवा शोषून घेण्यासाठीं असतो. तो दुधासारखा पांढरा झालेला दिसला, तर आंत हवा शिरली व नळी निकामी झाली असें खुशाल समजावें.

तेव्हां, नळी बदलली म्हणजे सूर बदलतो काय? कधीं बदलतो, कधीं बदलल्याचा भास होतो, आणि कधीं दोष भलत्याच ठिकाणीं असतो. ह्या तिहींतील कोणतें खरें तें ऐकीव गोष्टीवरून ठरत नाहीं. मोजून व पारखून ठरतें. त्या मुलानें प्रश्न विचारला म्हणून त्याच्या घरचे पैसे वांचले, आणि आजीबाईंची सायंकाळ त्यांस परत मिळाली. आमच्या विद्यार्थ्यांनीं प्रश्न विचारण्याची ही संवय मोडूं देऊं नये, एवढीच आमची इच्छा आहे.